चोवीस वर्षांचं गॅप सर्टिफिकेट

कंधारच्या ज्या कॉलेजात मी नोकरी करतो, तिथं आनंदराज सोनकांबळे हे माझं नाव फक्त पगारपत्रकावर चालतं. बाकी सगळीकडे मी त्रुटीसाहेब. बावीस वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसून मी पोरांच्या अर्जांतल्या त्रुटी काढत आलोय. फोटोमागची भिंत निळी आहे, त्रुटी. सही चौकटीच्या बाहेर गेली, त्रुटी. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, त्रुटी आणि वर दोन शब्द. इतक्या वर्षांत मला साधा चहा पाजूनसुद्धा कोणाला अर्ज पास करून घेता आलेला नाही, हे मी अभिमानानं सांगतो. आमचे प्राचार्य म्हणतात, कोणी पाजायला आलंच नाही, कारण हा माणूस कपाला कुठं टवका गेलाय का ते बघत बसेल आणि चहा निवून जाईल.

तर असा मी, जूनमधल्या एका रविवारी, नांदेडला तरोडा नाक्याजवळच्या आमच्या घरात, इस्त्रीचा शर्ट घालून बायकोचा अर्ज भरायला बसलो. शर्टाची काही गरज नव्हती. पण जाणकार माणूस काम करताना कसा दिसतो ते घरच्यांनी एकदा पाहावं असं मला वाटलं. "पंधरा मिनिटांचं काम आहे," मी महामायाला म्हणालो, "तोवर चहा ठेव." त्या पंधरा मिनिटांना पुढं सेहेचाळीस दिवस लागले. हजारो अर्ज मी तपासले होते, भरला मात्र एकही नव्हता, ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा पहिलं पान उघडलेलं होतं आणि बायको शेजारी उभी होती.

आता हा अर्ज कशाचा, ते सांगतो. महामाया उदगीरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा आमचं लग्न झालं. मांडवात, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, मी माइक हातात घेऊन सासऱ्यांना शब्द दिला की पोरीचं बी.ए. मी पूर्ण करतो. सासरे, मारोतीमामा, रेल्वेत गँगमन होते. त्यांनी डोळे पुसले. मांडवात टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्यामुळे मला काम झाल्यासारखंच वाटलं असावं, कारण त्यानंतर चोवीस वर्षं मी त्याबाबतीत काहीही केलं नाही.

यंदा महामायानंच शोध लावला. क्षितिजा ऑनलाइन विद्यापीठ म्हणून एक निघालंय. घरी बसून शिकायचं, परीक्षाही घरी बसूनच. तिथं तिचे जुने पहिल्या वर्षाचे गुण धरणार होते, पण फक्त यंदा. पुढच्या वर्षापासून जुनं काही चालणार नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय शिक्षण सुटलेल्या बायकांसाठी 'पुनरारंभ' नावाची मदत होती, पूर्ण फी माफ. एकतीस जुलैपर्यंत मदत मंजूर झाली तर प्रवेश पक्का, नाही तर रद्द.

"मदत कशाला, फी मी भरतो की," मी मोठ्या मनानं म्हणालो.

"तुमी भराल अन् जलमभर सांगत फिराल," ती म्हणाली. "मला माझ्या नावानं मिळून राहिलंय, तर तुमच्या खिशातून कशाला घेऊ?"

मी लगेच पहिल्या रकान्याकडं वळलो आणि तिचा आधार क्रमांक टाकला.

आधार टाकला की जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो मोबाइल म्हणजे महामायाचा जुना नंबर, जो तिनं चार वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला, चांगुणाला देऊन टाकला होता. चांगुणा इस्लापूरला राहते. तिच्या घरात फोन कसाबसा लागतो, पण मेसेज यायचा असेल तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ जावं लागतं. आणि ओटीपी दहा मिनिटं टिकतो. मी चांगुणाला फोन लावून वर पिटाळलं.

"आला दाजी मेसेज," ती धापा टाकत म्हणाली.

"वाच."

तिनं आधी मनातल्या मनात वाचला. मग ती म्हणाली, "न्हाई वाचणार."

"का?"

"यातच लिवलंय ना, हा नंबर कोणालाबी सांगू नका. फोन लावला की ती बाईबी रोज हेच सांगून राहिली."

"अगं, मी तुझा दाजी बोलतोय!"

"चोरबी असंच म्हणतेत. आता तर म्हणं हुबेहूब आवाज काढतेत. दाजी असाल तर सांगा, माझ्या लग्नात तुमी कशावरून रुसला व्हता?"

मी रुसलो नव्हतो. हा आमच्या सासुरवाडीत पसरलेला गैरसमज आहे. मला फक्त एवढंच वाटलं होतं की थोरल्या जावयाला फेटा बांधताना नवरदेवाच्या मामापेक्षा दोन वेढे तरी जास्त असावेत, आणि ते मी योग्य माणसाच्या कानावर घातलं होतं. जेवायला उशिरा बसलो ते पोट बिघडलं म्हणून. हे सगळं चांगुणाला नीट समजावून सांगेपर्यंत सात मिनिटं गेली. तिची खात्री पटली तेव्हा ओटीपी संपला होता. दुसऱ्या खेपेला ती खाली उतरली होती. तिसऱ्या खेपेला मी आकडा चुकीचा टाकला, आणि पोर्टलनं सांगितलं की आपण उद्या प्रयत्न करावा.

दुसऱ्या दिवशी महामायानं स्वतः फोन लावला. "चांगुणा, सांग," एवढंच म्हणाली. चांगुणानं सहाही आकडे एका दमात सांगितले. महामायानं त्याच बैठकीत अर्जातला संपर्काचा नंबर बदलून आपला सध्याचा टाकला.

"तुला कसं तिनं लगेच सांगितलं?" मी विचारलं.

"मी फेट्याची गोष्ट सांगत बसले न्हाई," ती म्हणाली.

दुसरं पान पालकाच्या माहितीचं. विद्यार्थ्याला पालक हवाच, मग विद्यार्थी चव्वेचाळीस वर्षांचा असला तरी. मी माझं नाव टाकलं. पुढं 'पालकाचे विद्यार्थ्याशी नाते' असा रकाना होता आणि त्याखाली यादी उघडत होती: वडील, आई, भाऊ, काका, मामा. मी यादीकडं बघतच राहिलो. नेमके तेव्हा शेजारचे वैजनाथराव आले. वैजनाथराव निवृत्त तलाठी. चाळीस वर्षं लोकांचे सातबारे सांभाळल्यामुळे कोणत्याही कागदावर आपला पहिला हक्क आहे असं त्यांना वाटतं. बोलावल्याशिवाय येतात आणि चष्मा लावूनच येतात.

"काय अडलं सोनकांबळे साहेब?"

मी सांगितलं.

"हात्तिच्या! वडील टाका अन् पुढं सरका. मशीनला काय कळून राहिलंय? मी एका बिघ्यात कुटुंबच्या कुटुंबं फिरवलीत, कोणी विचारलं न्हाई."

माझ्या टेबलावर एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला वडिलांना घेऊन यायला सांगितलं असतं. पण अडलेला माणूस वेगळा असतो. मी 'वडील' निवडलं आणि पुढं सरकलो. अर्ज विनातक्रार जमा झाला, पोचपावती छापून आली, आणि तीत स्वच्छ लिहिलं होतं: विद्यार्थिनी महामाया, वडील आनंदराज.

वैजनाथरावांनी ही गोष्ट घरी जाऊन आपल्या पत्नीला, नीलाबाईंना सांगितली, म्हणजे संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळली. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन निघालो तर तीन घरांतून "नमस्कार बाबा" आलं. नीलाबाईंनी महामायाला थांबवून गंभीरपणे विचारलं, "वहिनी, मंग आता माहेर कुठलं म्हणायचं?" कॉलनीत माझी थोडीफार इज्जत होती, ती अशी पावतीवर छापून वाटली गेली.

पोर्टल मात्र वैजनाथरावांना वाटलं तेवढं खुळं नव्हतं. तीन दिवसांनी त्यानं कळवलं की पालक व विद्यार्थी यांच्या वयातील फरक सहा वर्षे आढळल्याने अर्ज कुलूपबंद करण्यात येत आहे. मी मदतकेंद्राला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई मला पाच दिवस सांगत राहिल्या. त्या पाच दिवसांत महामायानं एकदा सहज ती यादी उघडली आणि बोटानं खाली सरकवली. मामांच्या खाली आजोबा होते, आजोबांच्या खाली वसतिगृहाचे अधीक्षक, आणि अगदी तळाला पती.

"खाली सरकवून बघायचं व्हतं," ती म्हणाली.

"एवढ्या खाली कोण बघतंय," मी म्हणालो.

"तेच तर," ती म्हणाली.

आता अर्जाचं कुलूप काढायचं राहिलं. पोर्टलवर सूचना होती: अर्ज खुला करण्यासाठी आपल्या अभ्यास केंद्राच्या लिपिकाशी संपर्क साधावा. महामायाचं अभ्यास केंद्र म्हणजे आमचंच कॉलेज. आणि लिपिक म्हणजे मी.

इथं माझ्याकडून जे झालं ते मी लपवू शकलो असतो. पण एवढी बेअब्रू झाल्यावर थोडक्यासाठी कशाला मागं राहायचं. लेखी विनंती आल्याशिवाय मी आजवर कोणाचा अर्ज खुला केलेला नाही, तो बायकोचा कसा करणार? मी तिला विनंती अर्ज लिहायला सांगितला. तिनं पोळ्या लाटता लाटता लिहून दिला. मी तो डब्याच्या पिशवीतून कंधारला नेला, आवक नोंदवहीत चढवला, उघडला, आणि पाहिलं तर तारीख नव्हती. हाताला सवय लागलेली असते. काय करतोय हे कळायच्या आत मी त्यावर लाल शाईनं 'दिनांक नाही, सबब परत' असं लिहिलं होतं. मग जावकात चढवून, त्याच डब्याच्या पिशवीतून, तो मी घरी आणला.

महामायानं लाल शाई वाचली. मग माझ्याकडं बघितलं. मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज मिळाला. त्यावर तारीख होती, वार होता, सकाळचे सात वाजून बारा मिनिटं अशी वेळ होती, आणि खाली 'हवामान ढगाळ' असं लिहिलं होतं. मी अर्ज खुला केला. ही बातमी कॉलेजात कशी फुटली कळलं नाही, पण माझ्या टेबलासमोरच्या रांगेतल्या पोरांना त्या आठवड्यात फार आनंद झाला. एका मुलीनं तर विचारलं, "सर, मॅडमच्या फोटोमागची भिंत कोणत्या रंगाची हाय?" पांढरी होती. मी आधीच बघून ठेवलं होतं.

जुलै लागला. आता अर्जाला जोडायला उदगीरच्या जुन्या कॉलेजातून टीसी आणायची होती. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं निघालो. महामाया खिडकीशी बसली होती आणि उदगीर जवळ आलं तशी ताठ होत गेली. कॉलेजच्या फाटकाशी तिनं पदर सारखा केला. इथं एक झाड होतं, ते कुठं गेलं, असं तिनं शिपायाला विचारलं. मला त्या झाडाबद्दल काही माहीत नव्हतं. तिच्या कॉलेजबद्दल मी कधी काही विचारलंच नव्हतं, हे मला तिथं उभं राहिल्यावर जाणवलं.

कार्यालयात रेवणसिद्ध नावाचे लिपिक होते, माझ्याच वयाचे. "कूड्री साहेब, कूड्री," म्हणत त्यांनी खुर्च्या पुढं केल्या. उदगीरला कानडी अशी मध्येच येऊन बसवून घेते. त्यांनी दोन हजार एकचं रजिस्टर शोधलं, धूळ झटकली, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले.

"टीसी देतो की. पण लायब्ररीचं एक पुस्तक बाकी दिसालंय. राज्यशास्त्र."

हा माणूस आपल्याच जातकुळीचा, हे मी ओळखलं. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात महामाया म्हणाली, "हाय ते. घरी हाय."

"घरी कुठं?" मी विचारलं.

"कूलरखाली."

आमच्या कूलरचा एक पाय आखूड आहे. अकरा वर्षांपूर्वी तो हलायला लागला तेव्हा मी कपाटावरून एक जाड पुस्तक घेऊन त्या पायाखाली सरकवलं होतं आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन दोन दिवस आल्यागेल्याला दाखवलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं. तुमी म्हणला, आता कुठं लागून राहिलंय."

रेवणसिद्ध रजिस्टरमध्ये काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं बघत राहिले. त्यांच्या या मोठेपणाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आम्ही नांदेडला परत आलो. पुस्तक ओढून काढलं तसा कूलर माझ्याकडं झुकला आणि टाकीतलं सगळं पाणी त्यानं खाली ठेवलेल्या फाइलवर ओतलं. फाइलीत उत्पन्नाचा दाखला होता, जो मिळवायला वैजनाथराव माझ्यासोबत चार वेळा तहसीलला आले होते आणि चारही वेळा तिथल्या प्रत्येक माणसाला मी कोणाचा वडील आहे ते सांगून आले होते. पाचव्यांदा जावं लागलं. मी एकटाच जायचं ठरवलं होतं, पण ते फाटकाशी चष्मा लावून तयार होते.

मग पुन्हा उदगीर. रेवणसिद्धांनी पुस्तक हातात घेतलं, ओल सोडली तर शाबूत होतं. वर प्लॅस्टिकचं कव्हर होतं, ते महामायानं घातलेलं. त्यांनी पानं चाळली. पहिल्या पानापासून पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, समासात बारीक अक्षरात टिपणं होती, आणि दर काही पानांनंतर तारीख. कॉलेजातल्या तारखा मी समजू शकलो असतो. पण तारखा पुढं पुढं येत होत्या. शेवटची दोन हजार चौदाची होती, पान दोनशे सहा. त्यानंतर पुस्तक कूलरखाली गेलं.

"नियमानं ह्या खुणा खोडायला पायजेत," रेवणसिद्ध हळूच म्हणाले. मग पुस्तक मिटून त्यांनी शिक्का मारला. "ऱ्हाऊ द्या."

मला लाज वाटली. लग्नानंतर तेरा वर्षं ही बाई त्याच घरात, माझ्या पाठीमागं, अभ्यास करत होती आणि मी समोर बसून लोकांच्या पोरांचे फोटो निळे का पांढरे ते तपासत होतो. एसटीत मी तिला काहीतरी बोलावं म्हणून सारखी वाक्यं जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "शेंगदाणे घेऊ का?" ती घ्या म्हणाली.

आता एकच कागद राहिला, गॅप सर्टिफिकेट. शिक्षणात खंड पडला की तो का पडला ते शपथेवर लिहून द्यावं लागतं. पोरं एक वर्षाच्या खंडासाठी कावीळ झाल्याचं लिहून आणतात. आमच्या भागात दर जूनमध्ये कावीळ झालेली इतकी पोरं निघतात की आरोग्य खात्यानं चिंता करावी. चोवीस वर्षांचा खंड माझ्या टेबलावर कधी आलेला नव्हता. पण या बाबतीत माझा हात बसलेला आहे. मी मसुदा लिहिला: 'घरगुती अडचणींमुळे शिक्षण घेता आले नाही.' छोटं, सभ्य, कुठंही न अडकणारं वाक्य.

महामायानं ते वाचलं. "कोणती अडचण व्हती घरात?"

"आपलं... असतात ना. अडचणी."

"मग नाव लिवा ना अडचणीचं."

"अगं, तसं लिहीत नाहीत. कारण मोघमच ठेवायचं असतं."

"शपथेवर हाय ना? शपथेवर मोघम कसं चालतंय?"

एवढं बोलून तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि नाक्यावरच्या ई-सेवा केंद्रात गेली. ते केंद्र महादेवी नावाची बाई चालवते, जिला मी एकदा स्कॅन वाकडं आलं म्हणून तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. दोघी दुपारभर आत होत्या. मी बाहेरून दोनदा चक्कर मारली. दोन्ही वेळा महादेवीनं माझ्याकडं बघितलं आणि मग महामायाकडं बघून मान हलवली. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. "ऑफिसात येईल तुमच्या," महामाया म्हणाली, "बघा तिथंच."

एकतीस जुलै. सकाळी अकराला संगणक सुरू केला तर पोर्टल बंद. दीडला सुरू झालं, पावणेदोनला पुन्हा बंद. साडेतीनला एकदाचं उघडलं आणि माझ्या लॉगिनला महामायाचा अर्ज दिसला. पाचला मुदत संपत होती. मी उठून प्राचार्यांकडं गेलो.

"सर, माझ्याच पत्नीचा अर्ज आहे. मी तपासणं योग्य नाही."

"मी शेजारी बसतो अन् खाली माझी सही करतो," प्राचार्य म्हणाले. "तपासा तुमीच. दुसऱ्याला दिला तर तो न बघता पास करंल, अन् मग तुमीच घरी बसून त्यात त्रुटी काढाल."

ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मी एकेक कागद उघडत गेलो. फोटो बरोबर. सही चौकटीत. दाखला यंदाचा. टीसी, गुणपत्रक, सगळं जागच्या जागी. इतका स्वच्छ अर्ज मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. शेवटी गॅप सर्टिफिकेट उघडलं, आणि ते आम्ही दोघांनी एकदमच वाचलं.

'मी, सौ. महामाया आनंदराज सोनकांबळे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, खालील कारणांमुळे माझे शिक्षण खंडित झाले. सन २००२, सासूबाईंचा पाय मोडला. सन २००३ व २००४, बाळंतपण आणि मुलगी लहान. सन २००५, नणंदेचे लग्न. सन २००६, पती म्हणाले पुढच्या वर्षी. सन २००७, पती म्हणाले पुढच्या वर्षी. सन २००८, परीक्षेचा फॉर्म भरून पतीकडे दिला होता, शेवटची तारीख त्यांच्या लक्षात राहिली नाही. त्या काळात ते कॉलेजात इतर विद्यार्थ्यांच्या तारखा बघत होते. सन २००९ ते २०१४, मी घरीच वाचत होते. सन २०१५ पासून मी विचारणे सोडले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. फॉर्ममध्ये कारण विचारले आहे, म्हणून सांगितले.'

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी जरा चहा सांगून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. चहा सांगायला आमच्याकडं घंटा आहे.

मी एकटाच उरलो. दोन हजार आठचा तो फॉर्म मला आठवला. तो माझ्या या टेबलाच्या ड्रॉवरमध्येच होता, पोरांच्या अर्जांच्या खाली. तारीख उलटल्यावर मी तिला म्हणालो होतो, की वेबसाइट बंद होती. तेव्हा वेबसाइट नव्हतीच. हे तिला तेव्हाच कळलं असणार. शपथेवर लिहितानाही तिनं ते खोटं माझ्या नावावर टाकलं नव्हतं, 'लक्षात राहिली नाही' एवढ्यावरच मला सोडलं होतं.

पडद्यावर प्रश्न होता: खंडाचे कारण समाधानकारक आहे काय? खरं सांगायचं तर क्षणभर माझा हात थांबला. हे मंजूर करणं म्हणजे हे सगळं खरं आहे असं सरकारदरबारी माझ्याच हातानं कायमचं नोंदवणं. चार पंचवीस झाले होते. कावीळ लिहिली असती तर मला किती सोपं गेलं असतं.

मी 'होय' दाबलं. तर पोर्टलनं आणखी एक यादी उघडली: सदर कारणाची पडताळणी कशाच्या आधारे केली? कागदपत्रे. शेजाऱ्यांकडे चौकशी. ग्रामपंचायत दाखला. या वेळी मी बोटानं यादी पार तळापर्यंत सरकवली. सगळ्यात खाली होतं: स्वतःच्या माहितीवरून. मी ते निवडलं. प्राचार्यांनी येऊन सही केली, माझ्याकडं न बघता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेले.

दहा मिनिटांनी फोन वाजला. महामाया होती.

"अहो, मेसेज आला. मदत मंजूर झाली." ती म्हणाली. "अन् खाली लिवलंय, कारण समाधानकारक आढळलं म्हणून."

"छान झालं," मी म्हणालो.

"कोण तपासलं?"

"हाय एक कारकून इथला."

ती म्हणाली, "माणूस बरा दिसतोय. चोवीस वर्षं कुठं व्हता?"